हापूसला लेप लावायचा, पण कधी आणि किती

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून मामेबहिणीचा फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी बातमी: "दादा, वरचा थर एक नंबर होता, खालचे सात गेले." घरच्या कलमांचे आंबे नातेवाइकांना पाठवणाऱ्या कोकणातल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. पेटी भरताना फळ डोळ्यांत भरावं असं, आणि चार-सहा दिवसांत देठापाशी काळं कडं किंवा अंगावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे डाग.

यावर हल्ली जो तो 'नैसर्गिक लेप' सुचवतो. कोरफड लावा, मेण लावा, डिंक लावा. मी गेली काही वर्षं घरच्या दहा-बारा कलमांवर हे सगळं करून बघतोय. लेपाचा उपयोग होतो, पण लोक समजतात त्या जागी होत नाही. नुकती वडिलोपार्जित बाग हातात आलेल्या, पेट्यांची गिनती बोटांवर होईल अशा माणसासाठी हे लिहितोय. मोठ्या बागायतदाराकडे पॅकहाउस असतं, त्याचं गणित वेगळं.

आधी फळ कुजतं कशाने

डाग पेटीत पडला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो जानेवारी-फेब्रुवारीतच पडलेला असतो, दिसत नाही एवढंच. करप्याची बुरशी, कोलेटोट्रिकम तिचं नाव, सुक्या काटक्यांवर आणि वाळलेल्या मोहोरावर राहते. दव, मळभ किंवा अवकाळी सर आली की तिचे बीजाणू पाण्याच्या थेंबाबरोबर खालच्या फळांवर उतरतात. फळ वाटाण्याएवढं असो की सुपारीएवढं, बीजाणू सालीवर रुजतो, सालीत जरासा शिरतो आणि तिथेच गप्प बसतो. कच्च्या कैरीच्या सालीत आणि चिकात बुरशीला मारक अशी द्रव्यं असतात, त्यामुळे तिला पुढे सरकता येत नाही. फळ पिकायला लागलं की ही द्रव्यं कमी होतात, साखर वाढते, साल मऊ पडते, आणि तीन महिने दबा धरून बसलेली बुरशी जागी होते. डाग कधी कधी देठाकडून खाली ओघळल्यासारखे रांगेत दिसतात, कारण बीजाणू वाहत आले ते पाण्याच्या ओघळीनेच.

दुसरी आहे देठकुज. ही बुरशी फांदीच्या आणि देठाच्या आतच वस्तीला असते. फळ तोडल्यावर देठाच्या वाटेने ती आत उतरते. देठाभोवती तपकिरी कडं दिसलं की दोन-तीन दिवसांत अर्धं फळ लिबलिबीत होतं. करपा निदान साल काढून थोडा वाचवू देतो, देठकुज काही शिल्लक ठेवत नाही.

आता लेप काय करतो ते बघा. आंबा तोडल्यावरही श्वास घेत असतो. सालीवर बसलेला पातळ थर आत जाणारा प्राणवायू थोडा कमी करतो, फळातलं पाणी उडू देत नाही, त्यामुळे पिकणं काही दिवस लांबतं. पिकणं लांबलं की बुरशीचं जागं होणंही लांबतं. काही लेपांत बुरशीला थेट त्रास देणारे घटक असतात, ते वरची नवी लागण रोखतात. सालीत आधीच शिरून बसलेल्या बुरशीला मात्र नुसता वरचा लेप मारत नाही. त्यासाठी गरम पाणी लागतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत लेप चौथ्या नंबरला आहे, पहिल्या नाही.

साका आणि फळमाशी यांच्याशीही लेपाचा संबंध नाही. साका हा फळाच्या आतला, वाढीतला दोष आहे, बुरशी नव्हे. माशीने अंडी घातलेलं फळ लेप लावून चकचकीत दिसेल, आतली अळी तिचं काम करत राहील.

पहिली पायरी: तोडणी

अर्धी लढाई इथेच. सकाळी दहाच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर तोडा. फळ चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग, तयार हवं. बारा आण्यांचं काढलं तर लेप लावा नाहीतर सोन्याचा मुलामा द्या, ते सुरकुतणार. झाडावर पिकत आलेलं असेल तर लेपाला वेळच उरत नाही.

झेल्याने, देठ ठेवून काढा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला त्याच कामाचा आहे: पातं देठ कापतं, फळ जाळीत पडतं, खाली आपटत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ राहिला तर चीक उसळत नाही. चीक सालीवर पडला की साल भाजते आणि भाजलेल्या जागेतून बुरशी आरामात शिरते. देठ मुळातून तुटला तर फळ लगेच देठाची बाजू खाली करून ठेवा, चीक गळून जाऊ द्या. हाताने हिसडा देऊन आंबे ओढणारा गडी कितीही चपळ असला तरी त्याला झाडावर चढवू नका.

मातीवर फळं पसरू नका. गोणपाट, पेंढा, क्रेट, जे असेल ते खाली घाला.

दुसरी पायरी: निवड

एक नासका आंबा अढी नासवतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि पेटी भरायच्या वेळी विसरतो. खरचटलेलं, चिकाने भाजलेलं, पडलेलं, देठ उपटून आलेलं फळ बाजूला काढा. ते घरी खा, लोणचं घाला, आंबापोळी करा. लेप फक्त निरोगी फळाला.

तिसरी पायरी: धुणं आणि गरम पाणी

ही पायरी लोक गाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिण्याच्या स्वच्छ पाण्यात फळं हलक्या हाताने धुवा. पाणी गढूळ झालं की बदला. त्याच त्या पाण्यात पाच पेट्या धुतल्या तर एका फळावरचे बीजाणू सगळ्यांना वाटले जातात.

मग अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं किंवा तांब्याचा हंडा ठेवा आणि थर्मामीटर घ्या. थर्मामीटरशिवाय हे करू नका, 'हाताला सोसवेल इतकं' हे माप इथे चालत नाही. पाणी ५२ अंश सेल्सिअसला हवं आणि फळ त्यात ५ ते १० मिनिटं बुडालेलं हवं. एवढी ऊब सालीखालच्या करप्याच्या बुरशीला पुरते आणि फळाला सोसवते. ५५ च्या वर गेलात तर साल भाजते. ४८ वर आलात तर एवढ्या वेळात बुरशीला काही होत नाही, तिची आंघोळ होते. थंड फळं टाकली की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, म्हणून पाणी भरपूर घ्या, फळं थोडी टाका, आणि सुरुवात ५३-५४ वर करा. चूल मंद ठेवा, पाणी मधूनमधून ढवळा. फळं तरंगतात, त्यांच्यावर जाळीचं झाकण किंवा ताट दाबून ठेवा.

(परदेशी पाठवायच्या काही आंब्यांना ४८ अंशांना एक तास बुडवतात, ते फळमाशीसाठी. त्याची इथे गल्लत करू नका.)

बाहेर काढल्यावर फळं साध्या पाण्यात दहा मिनिटं गार करा आणि सावलीत पूर्ण वाळवा. देठाच्या खळग्यात पाणी साचतं, तिथे सुती फडक्याचं टोक फिरवा. ओल्या फळावर लेप लावला तर ती ओल आतच अडकते आणि आपण बुरशीसाठी अंथरूण घालून ठेवतो.

कच्चट फळ या पाण्यात टिकत नाही, त्याच्या सालीवर चट्टे उठतात. चौदा आण्यांचा आग्रह याच्यासाठीही.

चौथी पायरी: लेप कोणता

आधी माझी फजिती. पहिल्या वर्षी मला वाटलं, लेपच लावायचा तर घरचं खोबरेल काय वाईट? दोन डझन आंब्यांना छान चोळून लावलं. आठ दिवस झाले, दहा झाले, आंबे हिरवेगार. मी खुश. आजी येता-जाता बघायची. एक दिवस म्हणाली, "कापून बघ रे एक." कापला तर आतून ताडीसारखा वास. तेलाने सालीची छिद्रं बुजली, हवा मिळेना, फळ आतल्या आत आंबलं. दोन डझन आंबे म्हशीला गेले, तिनेही विचार करून खाल्ले. तेव्हापासून कोणी मुटेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वितळवून आंब्याला लावू का विचारलं की मी सांगतो, मुटेल टाचेच्या भेगांना लावा. जाड तेलकट थर फळाला नकोच.

घरी जमण्यासारखे तीन लेप मी वापरलेत.

*कोरफड.* नवख्याने इथून सुरुवात करावी. जाड, जुनी पानं सकाळी कापा आणि कापलेली बाजू खाली करून अर्धा-एक तास उभी ठेवा, पिवळा कडू चीक निथळून जाऊ दे. तो लेपात आला तर हाताला आणि आंब्याला दोन्हीकडे कडवटपणा लागतो. मग साल सोलून आतला गर मिक्सरला फिरवा, मलमलीच्या कपड्यातून गाळा. हा गर ७० अंशांपर्यंत तापवून गार करा, म्हणजे तो स्वतः नासत नाही. उकळू नका. एक वाटी गराला एक वाटी उकळून गार केलेलं पाणी आणि थोडा लिंबाचा रस, लिंबाने तो काळवंडत नाही. त्याच दिवशी वापरा. उरला तर केसांना लावा, उद्यासाठी ठेवू नका.

*खाण्याचा डिंक.* लाडवात घालतो तोच, पण स्वच्छ, फिकट खडे निवडून घ्या. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम डिंक रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून दोनदा गाळा. डिंकाचा थर कोरफडीपेक्षा नीट बसतो आणि वाळल्यावर चांगला दिसतो. यात दालचिनीच्या पानाचं तेल घालता येतं. आपल्याकडे नारळाच्या बागेत 'कोकण तेज' दालचिनी लावलेली असते, साल काढतो आणि पानं फुकट जातात. त्या पानांच्या तेलात लवंगेतलंच युजेनॉल भरपूर असतं आणि बुरशीला ते मानवत नाही. पण हात आखडता ठेवा. लिटरला एक मिलिलिटरपासून सुरुवात करा, तेल आधी चमचाभर डिंकाच्या पाण्यात जोरात घोटून मग मिसळा. तेल वर तरंगत राहिलं तर जिथे थेंब लागेल तिथे साल जळते. जास्त झालं तर हापूसला मसाल्याच्या डब्याचा वास येतो, आणि हापूसला दुसरा कुठलाच वास येता कामा नये.

*कायटोसान.* कोळंबी आणि कुर्ल्यांच्या कवचापासून काढतात. बुरशीविरुद्ध या तिघांत जोरदार हाच. तो नुसता थर बनून बसत नाही, बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवतो आणि फळाच्या स्वतःच्या प्रतिकारालाही चालना देतो. खाद्य दर्जाची पूड विकत आणा. दारात कवचांचा ढीग पडलेला असला तरी घरी काढायच्या फंदात पडू नका, त्याला तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो. पूड साध्या पाण्यात विरघळत नाही, आंबट पाणी लागतं. चार टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर पाव लिटर, पाणी पाऊण लिटर, त्यात १० ग्रॅम पूड चिमटी-चिमटीने सोडत ढवळा. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं किंवा तांब्याचं नको. रात्रभर ठेवा, सकाळी गाळा. पेजेच्या निवळीइतकं दाट झालं की बरोबर. आंबट वास वाळल्यावर जातो.

यात एक पथ्य आहे. कोळंबीची ज्यांना अॅलर्जी आहे त्यांना हे फळ देऊ नका. आणि आमच्या आत्याच्या घरी सगळे माळकरी. मी उत्साहाने फोनवर सांगितलं, यंदा कोळंबीच्या कवचाचा लेप लावलाय. पलीकडे शांतता. मग आत्या म्हणाली, "बाबा, आमची पेटी तशीच पाठव, दोन कुजले तरी चालतील." तेव्हापासून कोणाच्या पेटीला काय लावलंय ते चिठ्ठीवर लिहितो. लाखेचा लेप असेल तर त्याचंही तसंच, लाख किड्यापासून येते.

तवकिराची खळ मी एकदाच लावली. समुद्राकाठच्या दमट हवेत ती धड वाळत नाही, चिकट राहते, आणि पिष्ट हे बुरशीचं खाद्यच. देशावर कोरड्या हवेत कदाचित बरी पडेल.

मेणाचं काय? मेणाचा पातळ, पाण्यात मिसळलेला घोळ चांगला असतो, पण तो घरी बनत नाही. मधमाश्यांचं मेण ६० अंशांच्या वर वितळतं, तसं गरम मेण फळावर ओतलं तर फळ भाजेल, आणि नुसतं चोळलं तर कुठे जाड कुठे काहीच नाही असं होतं. हवाच असेल तर फळांसाठीचा खाद्य दर्जाचा तयार घोळ आणा.

विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: अन्नसुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाश्यांचं मेण, कार्नौबा मेण आणि लाख यांचा लेप चालतो, आणि कोणतं मेण लावलंय ते लेबलवर लिहावं लागतं. खनिज तेल आणि रंग चालत नाहीत. कोरफड-डिंकाचे प्रयोग आधी घरच्या आणि नात्यातल्या पेट्यांवर करा. विक्रीच्या मालाला लावायचे असतील तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून मगच लावा.

पाचवी पायरी: बुडवणं आणि वाळवणं

घोळ खोलीच्या तापमानाचा असावा. खोल, अरुंद तोंडाचा डबा घेतला तर थोड्या घोळात फळ पूर्ण बुडतं. देठाला धरून फळ बुडवा, मिनिटभर ठेवा, वर काढून निथळू द्या. देठाचं कापलेलं टोक बुडलंच पाहिजे, देठकुजीची वाट तीच. लेपाचा एकच हात द्या. 'अजून एकदा बुडवूया, पक्कं बसेल' हा विचार मनात आला की माझं खोबरेल आठवा.

मग जाळीवर किंवा बांबूच्या चटईवर फळं एकमेकांना न लागता ठेवा आणि पंखा लावा. एप्रिल-मेच्या आपल्या हवेत नुसत्या वाऱ्यावर सोडलं तर संध्याकाळपर्यंत चिकटच राहतात. पंख्याखाली साधारण तासाभरात हाताला कोरडी लागतात. मधे एकदा फिरवा, नाहीतर खालच्या बाजूला थेंब गोठून जाड ठिपका होतो आणि पिकल्यावर तेवढीच जागा हिरवी राहते. उन्हात वाळवू नका.

सहावी पायरी: अढी आणि पेटी

पेंढा नवा आणि उन्हात खडखडीत वाळवलेला घ्या. गेल्या पावसात भिजलेला, कुबट वासाचा पेंढा म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. लेप लावलेली आणि न लावलेली फळं एका अढीत घालू नका. बिनलेपाची आधी पिकतात, त्यांच्यातून सुटणारा इथिलीन वायू बाकीच्यांनाही घाईला लावतो, आणि लेपाने मिळवलेले चार दिवस तिथेच जातात.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. कच्चं फळ फ्रिजमध्येही नको. १२-१३ अंशांच्या खाली हापूसला थंडी बाधते, साल काळवंडते आणि तो नीट पिकत नाही. पेटीला भोकं असावीत. ज्यांना पाठवताय त्यांना सांगा की हे आंबे नेहमीपेक्षा थोडे उशिरा पिकतील आणि रंगही उशिरा धरतील, नाहीतर चौथ्या दिवशी "कच्चेच पाठवलेस" म्हणून फोन येतो. पिकवायची घाई म्हणून कोणी कार्बाइडची पुडी सुचवली तर त्याला चहा पाजून परत पाठवा, त्यावर बंदी आहे. खाण्याआधी फळ धुवायलाही सांगा. रायवळ चोखून खातात, तिथे सालच तोंडात जाते, म्हणून रायवळला मी काहीच लावत नाही.

वही

पहिल्या वर्षी सगळ्या पेट्यांना लेप लावू नका. एकाच कलमाचे, एकाच दिवशी तोडलेले अठरा आंबे घ्या. सहा तसेच, सहा फक्त गरम पाण्यातले, सहा गरम पाणी अधिक लेप. देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वजन करा, तारीख लिहा, रोज संध्याकाळी बघा: मऊ कधी पडला, डाग कधी दिसला, देठाला की अंगावर, कापल्यावर वास कसा. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक 'तसेच' आणि 'गरम पाणी' यांच्यात दिसतो, त्यानंतर लेपाचा. तुमच्या बागेत हवा वेगळी, कलमं वेगळी, आकडे वेगळे येतील. अंगावर डाग जास्त आले तर बागेतला करपा वाढलाय असं समजा आणि पुढच्या मोहोरात विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणीचं बघा. देठाशीच जास्त कुजत असेल तर दोष तोडणीत किंवा सुक्या फांद्यांत शोधा.

आणि वहीतले, पेटीतले, अढीतले जे कुजतील ते आंबे कलमाच्या बुंध्याशी फेकू नका. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालायचं, खत होतं म्हणून. बागेपासून लांब हातभर खोल खड्डा काढून त्यात पुरा. पाऊस सरला की सुक्या काटक्या आणि झाडावर राहिलेले वाळके मोहोर कापून तेही बागेबाहेर न्या. जानेवारीच्या दवाबरोबर खाली उतरणारे बीजाणू तिथूनच येतात.